दोघींचा तंबू

सिन्नर, ९ नोव्हेंबर

उज्वला,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. तूच तेजलजवळ निरोप दिला होतास, "बाबांना म्हणावं यायचं नाही. लिहायचं असेल तर लिहा." तर लिहितोय. पेठ स्टँडवरच्या चहावाल्या मंगलाबाईंकडे पाकीट ठेवलं की बाजाराच्या दिवशी तुला मिळतं, एवढी माहिती लेकीकडून काढली आहे.

जूनमध्ये मी गाडीत गादी, जनरेटर आणि गॅसची शेगडी घालून तिकडे आलो, तर तू अख्ख्या पाड्यासमोर विचारलंस, "अहो, हे लग्नाचं वऱ्हाड कुणाचं?" आणि गाडी तिथल्या तिथे वळवायला लावलीस. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. त्यावर मी काही म्हणत नाही. वऱ्हाडाचं मात्र बरं सुचलं तुला. परत येताना घाटात मला एकट्याला हसू फुटलं होतं.

मुद्दा वेगळा आहे. परवाच्या अवकाळी पावसात तू आणि सगुणाबाईंनी कड्याच्या माथ्यावर प्लास्टिकच्या कागदाखाली बसून रात्र काढलीत, असं तेजल म्हणाली. कागद कुठला तेही म्हणाली. आपल्याच दुकानातला, द्राक्षबागेवर टाकायचा. अगं, तो घडांसाठी आहे. घडांना गुडघे नसतात.

तू तिला म्हणालीस, "दोन माणसांना पुरेल असा, पाठीवर नेता येईल असा हलका तंबू बघ, आणि बाबांना विचारू नकोस." तिने तासाभरात मला विचारलं. तिच्यावर रागावू नकोस. बाप ताडपत्रीवाला असताना पोरगी तंबूचं विचारायला डॉक्टरकडे जाणार का?

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. संस्थेबरोबरचं तुझं गिधाडं मोजायचं वर्ष फेब्रुवारीअखेर संपतंय, आणि त्यांनी पुढची तीन वर्षं मागितली आहेत. तू म्हणे म्हणालीस, "वर झोपायला धड जागा असती तर डोळे मिटून हो म्हटलं असतं. या गुडघ्यांनी अशा रात्री अजून किती काढू?"

म्हणजे गणित सरळ आहे. तंबू चांगला निघाला तर तू तीन वर्षं कड्यावर. वाईट निघाला तर मार्चमध्ये घरी. आणि तंबू शोधायला बसलोय मी.

मला तू घरी हवी आहेस. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. आता तंबूचं बघतो.

नवनाथ


सिन्नर, १९ नोव्हेंबर

उज्वला,

नाशकात जाऊन आलो. गंगापूर रोडला डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. आत शिरलो तेव्हा दोन पोरी आणि एक दाढीवाला तंबूंवरच बोलत होते. मी शेजारी उभा राहून शिट्ट्यांच्या किमती वाचत राहिलो. माझे कान तुला माहीत आहेत. तू स्वयंपाकघरात पुटपुटायचीस ते मला बाहेरच्या ओट्यावर ऐकू यायचं आणि तू त्याला अवगुण म्हणायचीस. धंदा मी याच कानांवर उभा केला. आडगाव नाक्यावर डोक्यावरून ताडपत्र्या वाहायचो तेव्हा ड्रायव्हर लोक आपसात काय कुरकुरतात ते ऐकायचो, आणि पुढच्या खेपेला तशीच ताडपत्री घेऊन उभा राहायचो.

तर त्या पोरींकडून कळलं की वजन सगळ्यात आधी. एकीने गेल्या वर्षी चार किलोचा तंबू नेला आणि अर्ध्या वाटेत एका देवळात ठेवून दिला. दुसरं म्हणजे दांडे. स्वस्त दांडे फायबरचे असतात, वाऱ्यात वाकतात आणि उभे चिरतात. अॅल्युमिनियमचेच बघायचे. तिसरं त्या दाढीवाल्याने सांगितलं, "टू पर्सन लिहिलेलं असलं तरी त्यात दोन माणसं मावतात फक्त भांडण झालेलं नसताना."

मग दुकानदार माझ्याकडे वळला. "काका, ट्रेक कुठला?"

"गिधाडांचा."

"म्हणजे?"

"माझी बायको पेठच्या डोंगरात कड्यावरची गिधाडं मोजते. लांब चोचीची. वर्षाला एकच अंडं घालतात. जोडीतलं एक अंड्यावर बसतं तेव्हा दुसरं बाहेर असतं, मग अदलाबदल. हे सगळं बघायला पहाटे माथ्यावर असावं लागतं, म्हणून मुक्काम."

एवढं मला सांगता आलं याचं माझं मलाच नवल वाटलं. तू घरी जेवताना बोलायचीस तेव्हा मी गिऱ्हाइकांचे फोन घेत होतो, पण कान ऐकत असणार. त्या पोरी जवळ आल्या. एक म्हणाली, "काकू एकट्या जातात?" म्हटलं, सगुणाबाई म्हणून पाड्यावरच्या एक आहेत, दोघी जातात. "वय किती त्यांचं?" मी सांगितलं. तिने दाढीवाल्याकडे असं बघितलं की तो बिचारा आपलं पोट आत घ्यायला लागला.

तिथले चार तंबू उभे करायला लावले आणि चारीत आडवा पडून बघितलं. कापड एवढं पातळ की आरपार बोट दिसतं. असल्या कापडाची मी पिशवी शिवणार नाही. म्हणून ठरवलं आहे, विकत नाही घ्यायचा. आपण शिवायचा. तीस वर्षं नाशिक जिल्ह्याचा माल कोरडा ठेवलाय, दोन बायका कोरड्या ठेवता येणार नाहीत का?

गुडघ्याला तीळतेल लाव. कोमट करून.

नवनाथ


सिन्नर, ५ डिसेंबर

उज्वला,

आता हसायचं असेल तर हस.

सोमनाथ आणि मी मिळून तंबू शिवला. गाड्यांच्या कव्हरला वापरतो ते पातळ रबर चढवलेलं कापड घेतलं, शिवणीवर आतून गरम पट्टी मारली, खाली जमिनीचं कापड अखंड जोडलं. वजन दीड किलोच्या आसपास. मुंगीला शिरायला फट नाही. सोमनाथ माझ्याकडे वीस वर्षं कारागीर आहे, पण एवढं देखणं काम त्याने कधी केलं नव्हतं. गच्चीवर उभा केला. मी म्हटलं, दोघांचा आहे तर दोघांनी झोपून बघायचं.

"शेठ, घरी काय सांगू?"

"सांग शेठकडे मुक्कामाला आहे."

"तंबूत?"

तंबूत तर तंबूत. आम्ही आत शिरलो. थोड्या वेळाने आवाज आला, "शेठ, तुमचा गुडघा माझ्या पोटात हाय."

"गुडघा जिथल्या तिथे आहे. तुझं पोट माझ्या हद्दीत आलंय."

सकाळी जाग आली ती नाकावर थेंब पडून. मग दुसरा. अंथरूण ओलं, सोमनाथची टोपी ओली. तो उठून बसला, डोकं छताला लागलं आणि वरून शॉवर सोडल्यासारखं पाणी आलं. "शेठ, गळतंय."

"आभाळ कोरडं आहे. गळेल कुठून?"

"मंग हे काय हाय?"

मी म्हटलं, दव. तुझी शिवण कुठेतरी राहिली, तिथून दव शिरलं. झालं, शिवणीचं नाव काढल्यावर तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. सगळ्या पट्ट्या उसवून नव्या मारल्या. मग पाइप लावून मी बाहेरून पाणी सोडलं आणि त्याला आत बसवलं. तो आतून ओरडतोय, "एक थेंब नाय! बघा, एक थेंब नाय!" दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपलो. सकाळी पुन्हा दोघे भिजलेले.

त्याच दुपारी एक शेतकरी दुकानात आला. लाल कांदा काढून शेतात ढीग लावलाय, पाऊस सांगितलाय, झाकायला ताडपत्री द्या. मी ताडपत्री कापता कापता त्याला नेहमीचं सांगितलं, "दोन्ही टोकं उघडी ठेवा बरं का. गच्च झाकलात तर कांद्याला आतून घाम येईल, सगळा ढीग नासेल."

मागे सोमनाथची मशीन थांबली.

"शेठ, काय म्हणालात?"

मी कात्री खाली ठेवली. शेतकरी एकदा त्याच्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. सोमनाथ म्हणाला, "आपण कांदा झालो, शेठ," आणि असा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

लोखंड झाकलं, सिमेंट झाकलं, खताची पोती झाकली. या मालाला श्वास नसतो. पाणी फक्त बाहेरून येतं असं धरून मी उभा जन्म धंदा केला. कांद्याचं मात्र रोज दहा जणांना सांगतो, आणि तंबूत माणसं झोपणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात तो जायला वाट नसेल तर थंड कापडाला लागून त्याचंच पाणी होतं. दुकानातले ते पातळ कापडवाले याच्यासाठी आत जाळीची खोली करतात आणि वर वेगळं कापड ताणतात, मध्ये हात जाईल एवढी जागा. मी त्यांना नावं ठेवून आलो होतो.

आता परत जायचं आहे त्या दुकानात. तोंड बारीक करून.

नवनाथ


सिन्नर, २८ डिसेंबर

उज्वला,

तंबू मिळाला.

सगळं सविस्तर सांगतो, कारण वर तुझी भिस्त त्याच्यावर असणार. दुकानदाराकडून तीन तंबू आणले, पसंत पडला नाही तर परत करायच्या बोलीवर. तिन्ही दुहेरी कापडाचे, तिन्हींचं वजन तुझ्या जुन्या शाळेच्या पिशवीपेक्षा कमी. त्या पिशवीत तू नववीच्या तपासायच्या वह्या कोंबून आणायचीस आणि मी उचलून देतो म्हटलं की म्हणायचीस, "हात लावू नका, क्रम बिघडेल."

पण निवड केली ती कानांनी. तेजल म्हणाली होती, प्लास्टिकचा कागद वाऱ्यात वाजला की घरट्यावरचं गिधाड मान वर करतं आणि तुला सगळ्यात जास्त त्याचा त्रास होतो, पावसाचा नाही. म्हणून कारखान्यामागच्या माळावर, जिथे वारा थेट येतो, तिन्ही उभे केले आणि मी पाठ करून बसलो. चालत्या ट्रकवरची ताडपत्री ऐकून कुठली दोरी सैल आहे ते मी सांगतो. तंबूचं वेगळं नाही.

पहिला फडफडत होता. छताचं कापड सपाट कापलेलं, ताण एकसारखा बसत नाही. दुसरा फडफडत नव्हता, पण झोत आला की डफासारखा वाजायचा. तिसऱ्याचा आवाज येईना. मी सोमनाथला ओरडलो, "पडला का रे?" तो म्हणाला, "उभा हाय, शेठ." उठून बघितलं. कडा सगळ्या आत वळवून कापलेल्या, त्यामुळे कापड वाऱ्याला अंग देत नाही. ज्याने कुणी तो कापलाय त्याला भेटून हात मिळवावासा वाटला. रंग सुक्या गवताचा. केशरी स्वस्त मिळत होता, पण केशरी काही तुझ्या गिधाडांना चालणार नाही.

एक उणीव होती. याच्या खुंट्या मातीत ठोकायच्या आहेत आणि तुमच्या माथ्यावर कातळ. सोमनाथने कोपऱ्यांना आणि बाजूंना पिशव्या शिवून दिल्या आहेत. त्यात तिथलेच दगड भरायचे. येताना दगड सोडून रिकाम्या पिशव्या घरी. दारं दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे सगुणाबाईंना तुला ओलांडून जायला नको. वरच्या दोन झरोक्यांची झापडं थंडी असली तरी बंद करू नका. कांदा लक्षात ठेवा.

या तंबूत सोमनाथ आणि मी पुन्हा झोपलो. सकाळी बाहेरचं कापड आतून किंचित ओलसर, आमची खोली कोरडी.

तो पहिला, आम्ही गच्च शिवलेला, फाडून मोटारसायकलची कव्हरं करायला सांगितलं. सोमनाथ हळहळला, एवढं काम केलेलं, राहू द्या म्हणाला. म्हटलं नको. घडी घातली की दोन्ही सारखेच दिसतात. घरात असला तर पाठवताना उगाच त्याच्यावर हात जातो.

कसा पाठवू तेवढं कळव.

नवनाथ


सिन्नर, १३ जानेवारी

उज्वला,

तुझी चिठ्ठी मिळाली. सात महिन्यांत पहिली. "तंबू घेऊन या. गाडी पेठला ठेवा. बाकी काही आणू नका."

बाकी काहीमध्ये तिळगूळ येतो का? तेजलने केलाय. खिशात मावेल एवढाच आणतो. दिसला तर परत पाठव.

नवनाथ


सिन्नर, २ फेब्रुवारी

उज्वला,

घरी सुखरूप पोचलो. पोटऱ्या अजून बोलतात. जिना उतरताना मी उलटा उतरतो हे बघून तेजल फोटो काढते.

तिथे असताना फार बोललो नाही. तू बोटाने गप्प केलंस हे एक कारण. दुसरं असं की जे बघितलं ते आत बसायला वेळ लागला. म्हणून आता लिहितो.

चढणीवर सगुणाबाई दोनदा थांबल्या त्या माझ्यासाठी. "मालक, वाईच बसा. छाती वाजतंय तुमची, पाखरां उडतील." तू मागे वळून बघितलंस सुद्धा नाहीस. माझा तंबू पाठीवर घेऊन तू पुढे गेलीस, आणि जिथे मी दोन हात टेकत होतो तिथे तू हातातली काठी बगलेत मारून चढत होतीस. मी बघत राहिलो. हीच बाई पाच वर्षांपूर्वी बँकेच्या पायऱ्यांवर माझा दंड धरत होती.

मग तू त्या खडकाआड बसलीस. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि तुझा हात वर आला, मागे न बघता. तो हात मी ओळखतो. नववीचा वर्ग त्या हाताने गप्प व्हायचा, मी एकदा दारातून बघितलं होतं. कडा समोर, पांढरे ओघळ उतरलेला. मला बराच वेळ नुसता दगड दिसत होता. तू दुर्बीण माझ्या हातात दिलीस, माझी मान दोन बोटांनी वळवलीस, आणि त्या दगडात एक घरटं झालं, घरट्यात एक गिधाड, आणि त्याच्या छातीखालून एक राखाडी मुंडकं बाहेर आलं. मी म्हटलं, "अरे!" तू म्हणालीस, "हळू."

एवढंच. पण ते "हळू" तू ज्या आवाजात म्हणालीस तो आवाज मी आपल्या तेजलच्या पाळण्याजवळ ऐकला होता, त्यानंतर नाही.

ऊन चढलं, उतरलं. तू हलली नाहीस. मी चार वेळा पाय बदलले, दोनदा डुलकी काढली. दुसरं गिधाड आलं, पहिलं उठलं, आणि तू सगुणाबाईंकडे बघून फक्त भुवई उचललीस. त्यांनीही उचलली. मला वाटायचं की मी माझ्या कामात तरबेज आहे. असेन. पण माझ्या कामात मी आजवर असा सुखी दिसलो नसणार.

तंबू तू एकटीने उभा केलास. कोपऱ्याची पिशवी चाचपून म्हणालीस, "हे सोमनाथचं टाके घालणं." मी खडकाच्या आडोशाला माझी ताडपत्री अंथरली आणि पडलो. वारा चांगला होता. मी कान लावून होतो. तंबूचा आवाज आला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. पहाटे तुम्ही दोघी आत उठून बसलात, तुला वाटलं मी झोपलोय. उज्वला, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून तुला वाटतं की मी झोपलोय.

सगुणाबाई म्हणाल्या, "बाई, मालक तुम्हांला घरी न्यायला आलंत काय?"

तू म्हणालीस, "मनात तेच असणार."

"मग बोललं कसं नाय?"

छतावरून हात फिरवल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "हात लावून बघ. आहे का ओलं? वाऱ्याचा आवाज आला तुला रात्री? सगुणा, ताडपत्रीवाला आहे तो. मला घरी न्यायचं असतं ना, तर यातलं एकच काहीतरी वाईट करायचं होतं. मला कळलंही नसतं."

मी ताडपत्री डोक्यावरून ओढून घेतली. काय झालं ते विचारू नकोस.

उतरताना पाड्यापाशी तू थांबलीस. संस्थेचा कागद अजून तसाच आहे, सही केलेली नाही, असं म्हणालीस. मी काही म्हणावं म्हणून म्हणालीस की नुसतंच सांगितलंस, ते मला समजलं नाही, आणि सगुणाबाईंच्या देखत विचारवेना. तर इथे लिहितो. सही कर. त्या मुंडक्याला पंख फुटताना तू तिथे नसलीस तर तू सिन्नरच्या घरात भात गाळत असशील आणि तुझं लक्ष कड्यावर असेल. असली बायको मला नको. मी कड्यावरची बघून आलोय.

आणि मी चार पावलं गेल्यावर तू मागून जे म्हणालीस, "पुन्हा यायचं असेल तर तुमचा तंबू तुम्ही आणा, ताडपत्रीवर झोपलेला माणूस बघवत नाही," ते मी ऐकलं. वळलो नाही, कारण वळलो असतो तर तू म्हणाली असतीस, "काही नाही."

आज त्या दुकानात जाऊन आलो. एका माणसाचा तंबू घेतला, वजन पाण्याच्या दोन बाटल्यांएवढं, रंग तोच. दुकानदार म्हणाला, "काका, एकटेच निघालात?" म्हटलं, नाही, शेजारी दोघी आहेत.

जागा तू ठरव. माझ्या घोरण्याने गिधाडांनी मान वर करू नये इतका लांब ठेव, पण तू हाक मारलीस तर ऐकू येईल एवढ्यात असू दे. तुला वाटतं त्याहून बरंच लांब चालेल.

नवनाथ